साभार परत आले, म्हणून काय झाले?

पावसाळ्याच्या तोंडाशी दिवाळी अंकांच्या संपादकांची आवाहने प्रसिद्ध होऊ लागतात आणि कथा-काव्यस्पर्धांच्या मुदती जाहीर होतात. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचा हा पेरणीचा हंगाम ठरून गेला आहे. या हंगामात सीमाभागातील शिवार बव्हंशी पडीक राहते, ही गोष्ट आम्हांस बोचते. आणि तिच्याविषयी आज आम्हांस चार शब्द, काहीसे कठोर वाटले तरी, बोलावयाचे आहेत.

आमची चळवळ कोठे जन्मली? कोणत्याही पक्षाच्या कचेरीत नव्हे. 1946 साली बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले आणि मराठी भाषकांच्या संयुक्त महाराष्ट्राची मागणी त्या मांडवातून देशापुढे गेली. साहित्याने आम्हांस चळवळ दिली. त्या चळवळीने साहित्याला काय परत केले, असा हिशेब कोणी मागितला तर आमच्यापाशी उत्तर आहे काय?

उत्साहाची वाण आहे असे कोणी म्हणू नये. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी येथील ग्रामीण साहित्य संमेलने गावकरी स्वतःच्या पदराला खार लावून भरवितात, आणि शेतावरची माणसे तेथे कविता ऐकावयास बसतात. याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु कविसंमेलनात टाळ्या घेतलेली कविता पुढे कोठे जाते? ती वहीत मिटते, फार तर भ्रमणध्वनीवरील एखाद्या समूहात फिरते आणि दुसऱ्या दिवशी विसरली जाते. टाळी देणारा आपलाच माणूस असतो. तो शब्द तपासीत नाही.

या दोषात आमचाही वाटा आहे. दरवर्षी 17 जानेवारीच्या हुतात्मादिनापूर्वी आमच्या टेबलावर कवितांचा ढीग पडतो. 1956 च्या त्या रक्ताची आठवण आम्हांसही अस्वस्थ करते. म्हणून घोषणेला यमक जुळले की ती कविता म्हणून आम्ही छापीत आलो. भावना खरी होती, पण कविता कच्ची होती, आणि हे कवीला सांगण्याचे धैर्य आम्ही दाखविले नाही. हुतात्म्यांच्या नावाने आम्ही कवीवर दया केली. दयेने कवी वाढत नाही.

“तिकडे मुंबई-पुण्याला आम्हांस कोण विचारतो?” हे वाक्य आम्ही शंभर वेळा ऐकले आहे. त्याला उत्तर आमच्याच गावात आहे. बेळगावच्या मातीत वाढलेले जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवीत राहिले, व्यासपीठावर क्वचितच दिसले, आणि तेथूनच त्यांच्या कथा ‘सत्यकथे’त गेल्या. इंदिरा संत बेळगावात राहिल्या. त्यांच्या ‘गर्भरेशीम’ला 1984 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. सीमाभागाचे म्हणून सवलत द्या, असे त्यांच्या लेखनाला कधी म्हणावे लागले नाही.

तेव्हा तरुण लेखक-लेखिकांना आमचे सांगणे असे. ज्या मासिकाकडे लेखन पाठवावयाचे त्याचे दोन-चार अंक आधी वाचा. शब्दमर्यादा पाळा, प्रत स्वतःपाशी ठेवा, एकच कथा एकाच वेळी चार ठिकाणी धाडू नका. समूहांत फिरविलेली कविता पुष्कळ संपादक ‘अप्रकाशित’ मानीत नाहीत, हे ध्यानात असू द्या. प्रवेशशुल्क घेऊन प्रत्येकाला सन्मानपत्र वाटणाऱ्या स्पर्धांपासून आणि लेखकांनाच प्रती विकणाऱ्या संग्रहांपासून दूर राहा. तेथे तुमचे लेखन कोणी वाचीत नाही, फक्त पैसे मोजतो. आणि विषयासाठी आकाशाकडे पाहू नका. जमिनीचा कन्नड उतारा हाती पडल्यावर तो नातवाकडून वाचून घेणारा आजोबा, वडगावच्या मागावर दोन भाषांत बोलणारे शेजारी — ही कथा तुमच्यावाचून कोण लिहिणार? त्या कन्नड शेजाऱ्याला खलनायक करण्याची घाई करू नका. आमचे भांडण राज्यकर्त्यांशी आहे, शेजाऱ्याशी नाही.

‘साभार परत’ येईल. आले तर रुसू नका. आठ दिवस ते बाजूला ठेवा, मग परक्याचे म्हणून वाचा, आणि पुन्हा लिहून पुन्हा पाठवा. ज्या समाजाने 1956 पासून नकारावर नकार पचविले आणि तरी आपली मागणी सोडली नाही, त्या समाजाच्या मुलाने संपादकाच्या एका नकाराने लेखणी टाकावी काय?

महाराष्ट्रातील संपादक व स्पर्धाचालक यांनाही आमची एक विनंती आहे. आम्हांस ‘सीमाभाग विशेषांका’च्या कोपऱ्यात बसवू नका. आमच्या बोलीतला कन्नड वळणाचा शब्द अशुद्ध म्हणून छाटण्यापूर्वी तो कोणाच्या तोंडी आहे हे पाहा. आणि ज्या स्पर्धेच्या नियमांत ‘महाराष्ट्रात वास्तव्य’ ही अट असेल तेथून ती काढून टाका. आम्ही महाराष्ट्राबाहेर राहतो तो आमच्या इच्छेने नव्हे. राज्याची सीमा आमच्या दारातून नेली गेली. मराठी साहित्याची सीमाही तेथूनच नेण्याचे पातक तुम्ही करू नये.

2004 साली सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या दाव्याचे काय व्हावयाचे ते तेथे होईल. तेथे आमच्या वतीने वकील बोलतील. मराठी मासिकाच्या पानावर मात्र वकील देता येत नाही. तेथे ज्याचे त्यानेच उभे राहावे लागते. मुदत संपण्यापूर्वी लखोटा टपालात पडू द्या.