अँड्रॉइडनंतर आयफोनचे ॲप शिकताना अडते कुठे?

अँड्रॉइडचे ॲप बनवता येऊ लागले, की पुढचा प्रश्न येतो आयफोनचा. सगळे पहिल्यापासून शिकावे लागेल, ही भीती मात्र अनाठायी आहे. अँड्रॉइडची कोटलिन आणि आयफोनची स्विफ्ट या भाषांत बरेच साम्य आहे. अँड्रॉइडवर जेटपॅक कंपोज येत असेल, तर २०१९ मध्ये आलेले स्विफ्टयूआय परके वाटत नाही. सवयी तेवढ्या बदलाव्या लागतात. उदाहरणार्थ, अँड्रॉइडसारखे सिस्टिमचे ‘बॅक’ बटण आयफोनला नाही. मागे जाण्याची सोय स्क्रीनवरच द्यावी लागते.

खरी अडचण खर्चाची आहे. आयफोनचे ॲप ज्यात तयार होते, ते एक्सकोड फक्त मॅकवर चालते. गुगल प्लेवर ॲप टाकण्यासाठी एकदाच २५ डॉलर भरावे लागतात. ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर. फ्लटरमध्ये एकाच कोडमधून दोन्ही ॲप होतात, पण आयफोनसाठी शेवटी मॅक लागतोच, स्वतःचा किंवा ऑनलाइन भाड्याचा.

तरीही सुरुवात अडत नाही. स्विफ्ट भाषा विंडोज आणि लिनक्सवरही शिकता येते. मॅक मिळाल्यावर स्वतःच्या आयफोनवर ॲप तपासणे मोफत आहे. वार्षिक शुल्क भरायचे ते ॲप स्टोअरवर जाताना.

इंजिनीअरिंग कॉलेजांनी लॅबमध्ये निदान दोन-चार मॅक ठेवायला हवेत. नाहीतर हे कौशल्य कोणाला मिळणार, ते कुवतीवर नव्हे, खिशावर ठरेल.