दावा फेटाळला म्हणून जमीन जात नाही



गेले काही दिवस वाडीवाडीत एकच बोलणं चाललंय. "कोर्टाचा हुकूम आलाय, आता दळी सोडायला लागंल." कुणी मोबाईलवर बातमी बघितली, कुणाला जंगलच्या गार्डाने सांगितलं. एका आजीने तर आम्हाला विचारलं, "या साली राब भाजायचा का नाय?" आमचं उत्तर पहिल्यांदाच देतो. आजी, राब भाजा. पण तेवढ्याने भागणार नाही, पुढचं पण करायचं आहे.

आधी झालं काय ते बघू. वनहक्क कायदा 2006 साली झाला. आपल्यावर ऐतिहासिक अन्याय झाला हे सरकारने त्या कायद्यातच लिहून दिलं. 2008 साली काही वन्यजीव संस्था त्याच्या विरोधात सुप्रीम कोर्टात गेल्या. त्या खटल्यात 13 फेब्रुवारी 2019 ला कोर्टाने राज्यांना सांगितलं की ज्यांचे दावे फेटाळले, त्यांना 24 जुलैच्या तारखेआधी जमिनीवरून काढा. देशभरात असे दहा लाखांच्या वर दावे आहेत. मग सगळीकडे लोक उठले, तेव्हा कुठे केंद्र सरकार कोर्टात धावलं. 28 फेब्रुवारीला कोर्टाने आपलाच हुकूम थांबवला. तेव्हा राज्यांनी चार महिन्यांत सांगायचं होतं: दावे कुठल्या पद्धतीने फेटाळले? आदिवासींना पुरावा द्यायची संधी दिली का? कारणं लिहून हुकूम काढले का?

प्रश्न बरोबर आहेत. पण ते विचारले कुणाला? ज्यांनी दावे फेटाळले त्यांनाच. कुंपणाने शेत खाल्लं, आणि आता कुंपणालाच विचारतात शेत कुठं गेलं. सरकारचा माणूस कागदावर लिहील, "संधी दिली होती." तेव्हा आपल्याकडे काय कागद असणार, याचा विचार आज करायला पाहिजे.

आपल्याकडे दावा कसा फेटाळला जातो ते आपण बघितलंय. दिवाळी झाली की निम्मी वाडी वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर जाते. मागे म्हातारी माणसं राहतात. तेवढ्यात कुठलं तरी पत्र येतं, कुणाच्या तरी हातात पडतं. माणूस पावसाच्या तोंडावर घरी येतो तेव्हा त्याला कळतं की दावा गेला. का गेला? "नकाशात शेती दिसत नाही." अपिलाची मुदत 60 दिवसांची, आणि आपण भट्टीवर सहा महिने. म्हणजे पोटासाठी बाहेर गेलो म्हणून जमीन जायची!

पण कायदा असं सांगत नाही. 2012 च्या सुधारित नियमांत लिहिलंय की दावा नामंजूर झाला तर तो निर्णय दावेदाराला समक्ष कळवायचा. अपिलाचे 60 दिवस आणखी 30 दिवसांनी वाढवता येतात. उपग्रहाचा फोटो हा जोडपुरावा आहे, बाकीच्या पुराव्यांची जागा तो घेऊ शकत नाही. आणि कलम 4(5) सांगतं की दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणालाही कब्जाच्या जमिनीवरून हलवता येत नाही. म्हणून आमचं म्हणणं आहे की ज्याच्या हातात कारणं लिहिलेला हुकूम पडला नाही, त्याचा दावा अजून उभा आहे.

चूक थोडी आपली पण आहे, ती लपवायची नाही. साहेब दिसला की आपण कोऱ्या कागदावर अंगठा देतो. वनहक्क समितीचं रजिस्टर कपाटात, आणि कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे. दिलेल्या अर्जाची पोच आपण मागत नाही. कोर्ट दिल्लीत असलं तरी केस इथेच, त्या अंगठ्यावर हरली जाते.

आता शिमग्याला माणसं घरी येतील. होळी पेटवू, नाचू, आणि दुसऱ्या दिवशी वाडीची ग्रामसभा बसवू. निम्मी माणसं पाहिजेत, आणि जमलेल्यांत तिसरा हिस्सा तरी बायका पाहिजेत. कुणाकुणाचा दावा फेटाळला, कुणाला पत्र मिळालं, कुणाला नाही, हे रजिस्टरात लिहायचं. ज्याला पत्र नाही त्याने हुकुमाची नक्कल मिळावी म्हणून माणगावला प्रांतसाहेबांकडे अर्ज द्यायचा आणि पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. पत्र मिळालं असेल तर त्यावरची तारीख बघून लगेच अपील.

पुरावे एकापेक्षा जास्त लागतात. दळीची जुनी पावती शोधा. आजोबाने भरलेल्या दंडाची पावती पण जपून ठेवा, कारण ज्या कागदाने त्याला गुन्हेगार केलं तोच आज सांगतो की तो 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून त्या जमिनीवर होता. वाडीतल्या जाणत्या माणसांचा जबाब हाही पुरावा आहे. तो नीट लिहून घ्या, म्हातारी माणसं आहेत तोवर.

कोर्ट पुन्हा जुलै 2019 मध्ये बसणार होतं.  आपल्या प्रत्येक वाडीचा ठराव गेला पाहिजे.

कसणाऱ्याची जमीन, जिंदाबाद!