डोमिशियनच्या वकिलांची उलटतपासणी

बदनाम रोमन सम्राटांना धुऊन-पुसून देव्हाऱ्यात बसवण्याची सध्या टूम आहे. नीरोचे झाले, आता पाळी डोमिशियनची. एका विद्वानांची मांडणी थोडक्यात अशी: भाऊ टायटस वारल्यावर इ.स. 81 मध्ये हा गादीवर आला, पंधरा वर्षे कारभार शिस्तीत चालवला, सैनिकांचा पगार एक तृतीयांशाने वाढवला, लाचखाऊंना वेसण घातली. सिनेटवाल्यांना ते खुपले, त्यांनी त्याला संपवले आणि त्यांच्याच गोतावळ्यातल्या लेखकांनी त्याला जुलमी ठरवले.

छान! पण कारभार चोख होता हे या विद्वानांना कळले कुठून? रोमन चरित्रकार सुएटोनियसकडून. शहरातले आणि प्रांतांतले अधिकारी इतके सचोटीचे कधीच नव्हते, असे तोच लिहितो. सैनिक हळहळले हेही तोच. शिवाय तो सिनेटचा सदस्य नव्हता. म्हणजे साक्षीदार स्तुती करतो तोवर खरा, जुलूम सांगू लागला की फितूर! बखरीतले सोयीचे तेवढे ठेवून उरलेले पक्षपाती म्हणून कापायचे, ही कारागिरी आपल्याकडेही जुनीच. त्या वादात पुन्हा शिरायला नको.

मुख्य प्रश्न, खंजीर कोणाच्या हातात होता? स्टेफॅनसच्या. हा सम्राटाची नातलग डोमिटिला हिचा कारभारी. काही दिवस त्याने डाव्या हाताला इजा झाल्याचे सोंग करून लोकरीच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि 18 सप्टेंबर 96 रोजी त्यांतच शस्त्र दडवले. कटाची खबर आणली आहे, असे सांगून तो शयनगृहात शिरला आणि सम्राट कागद वाचत असताना त्याच्या जांघेत खंजीर खुपसला. उशीखालचे शस्त्र काढायला नोकर पोरगा धावला, तर हाती नुसती मूठ आली, पाते नव्हतेच. कटात पार्थेनियस होता, तो शयनगृहाचाच अधिकारी.

स्टेफॅनसवर अफरातफरीचा आळ होता, हे कबूल. पण घरची माणसे का उलटली? नीरोला 68 साली मरायला मदत केली, म्हणून एपाफ्रोडिटस या त्याच्या जुन्या सेवकाला डोमिशियनने इतक्या वर्षांनी ठार केले. धन्याच्या जिवाला कोणी हात लावू नये, हा धडा घरच्या नोकरांना मिळावा म्हणून! धडा त्यांनी घेतला, फक्त उलटा. 95 साली चुलत घराण्यातला फ्लेवियस क्लेमेन्स मारला गेला. ज्याच्या मुलांना वारस नेमले, तोच. त्याची बायको डोमिटिला हद्दपार झाली. सिनेटची मर्दुमकी नंतरची: शिड्या मागवून सम्राटाच्या प्रतिमा खाली आपटण्याची.

नाण्यांतली चांदी 82 साली वाढवून 85 साली पुन्हा घटवली, तेही शिस्तीच्या खात्यात मांडावे. आगगाड्या वेळेवर धावल्याचा दाखला अशा वकिलीत हमखास येतो; प्राचीन रोममध्ये आगगाड्या नव्हत्या, एवढीच सुटका.

राहिले मंडन. कारभार नेटका आणि राज्य जुलमी, हे दोन्ही एकत्र नांदू शकते. टार्ससच्या हर्मोजेनिसने आपल्या इतिहासात काही सूचक उल्लेख केले. त्याला मारलेच, शिवाय त्या पुस्तकाच्या प्रती उतरवणाऱ्या लेखनिकांना क्रुसावर चढवले. हे लोक सिनेटचे नव्हते, कटातले नव्हते. समोरचा मजकूर उतरवणे एवढेच त्यांचे काम. विद्वानांनी पुढचा लेख लिहिण्याआधी त्यांचीही साक्ष घ्यावी.