शंभर अंतरे, एकशे एक खांब

३,००० मीटर लांबीच्या सरळ रस्त्याच्या नकाशावर दर ३० मीटरांवर दिव्याचा एक खांब दाखवावयाचा आहे. दोन्ही टोकांना खांब हवाच. तर एकूण खांब किती? विद्यार्थीमित्रांनो, ‘१००’ हे उत्तर ज्यांच्या ओठांवर आले असेल त्यांनी ओशाळण्याचे कारण नाही. मीही एकदा तेच दिले होते. अंतरे १००, खांब १०१.

मी आरेखकाचा व्यवसाय आरंभिला तेव्हा असे खांब ड्रॉइंग बोर्डावर टी-स्क्वेअर लावून, स्टेन्सिलने एकेक काढावे लागत. साठाव्या खांबापाशी मान अवघडे, ऐंशीव्यापाशी लक्ष उडे. पुढे संगणक आला. तरी कित्येक कचेऱ्यांत मंडळी पडद्यावर तेच करीत बसलेली दिसतात: खांबाचे चित्र उचलावयाचे, ठेवावयाचे, पुन्हा उचलावयाचे. आणि जो मुलगा दहा-बारा ओळींची आज्ञावली लिहून हे काम यंत्राकडून क्षणात करवून घेतो, त्याला वडीलधारे कामचुकार म्हणतात! हा आरोप मला मुळीच मान्य नाही.

पुनरावृत्तीचे ओझे यंत्राने वाहावे, ही कल्पना या विद्येच्या जन्मापासूनचीच आहे. १९६३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आयव्हन सदरलँड या तरुण संशोधकाने ‘स्केचपॅड’ ही प्रणाली सादर केली. तीत एक मूळ आकृती काढून तिच्या अनेक प्रती योजता येत, आणि मूळ आकृती बदलली की सर्व प्रती आपोआप बदलत. १९८२ च्या अखेरीस आलेल्या ‘ऑटोकॅड’मधील ‘ब्लॉक’ त्याच कुळातला. १९८६ साली त्यात ‘ऑटोलिस्प’ ही भाषा आली. ‘इतके अंतर पुढे सरक, तेथे खांब ठेव, टोक येईपर्यंत हेच कर’ असे तीत सांगता येते. असे नेमके सांगता येणे हा आळस नव्हे. काम पुरते समजल्यावाचून ते साधतच नाही.

मात्र यंत्र सांगितले तेवढेच करते. ‘डिव्हाइड’ या आज्ञेला रेषेचे १०० भाग करावयास सांगितले तर ती मधले ९९ बिंदूच धरते. टोकांचे दोन खांब आपण ठेवावयाचे. आज्ञांच्या फाइलीत एक रिकामी जागा अधिक पडली तर ती ‘एंटर’ समजली जाते आणि पुढचा सारा क्रम कोलमडतो.

माझी फजिती निराळीच झाली. बिंदू जवळच्या रेषेला आपोआप चिकटविण्याची सोय मी बंद करावयास विसरलो होतो. आज्ञावली झरझर चालली, आणि काही खांब निमूटपणे शेजारच्या गटाराच्या रेषेवर जाऊन बसले. नकाशा छापून गेला. चूक ध्यानी आली ती मुकादमाच्या. ‘साहेब, हे खांब गटारात कसे रोवायचे?’ असे त्याने शांतपणे विचारले.

म्हणून माझे मत असे की, मुलांना आज्ञावली लिहावयास शाळेतच शिकवावे. पण त्याआधी दहा-वीस खांब त्यांच्याकडून कागदावर हातानेच काढवून घ्यावेत. वळणावरचे अंतर कमानीवरून मोजावे की सरळ? एखाद्याच्या फाटकासमोरच खांब आला तर? हे प्रश्न हाताने काढतानाच सुचतात.

माझी आज्ञावली आता काम संपताच खांबांची संख्या मोजून दाखविते. तरी पहिला, शेवटचा आणि वळणावरचा खांब मी स्वतः पाहतो. गटाराच्या बाजूचे तर सगळेच.