विहार नवा झाला, आयाबाया कुठे गेल्या?

चाळी पाडून इमारती उभ्या राहत आहेत. त्याबरोबर आपले विहारही बदलत आहेत. पत्र्याचा विहार जातो आणि तळमजल्यावर गुळगुळीत फरशीचा हॉल मिळतो. मंडळाचे कार्यकर्ते खूश होतात. पण पहिल्याच पौर्णिमेला वंदनेच्या वेळी मागे वळून पाहावे, तर नेहमीच्या कितीतरी वयस्क उपासिका आलेल्याच नसतात. विचारले तर म्हणतात, "तिथं काय मन लागत नाही बाबा."

तरुण मंडळी यावर हसतात. परंतु ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. याच आयाबायांनी धुणीभांडी करून वर्गणी दिली, डोक्यावर विटा वाहिल्या, तेव्हा तो पत्रा चढला. त्याच जागी त्यांच्या मुलांची लग्ने लागली, घरातल्या माणसांचे पुण्यानुमोदन झाले. ती भिंत पाडताना त्यांना कोणी विचारलेसुद्धा नसेल, तर नव्या जागेत त्यांना परके वाटणारच.

नागपूरला १ जुलै २०२४ रोजी काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले. दीक्षाभूमीवर भूमिगत वाहनतळाचे खोदकाम चालू होते. स्तूपाला धोका पोहोचेल, या भीतीने हजारो लोक जमले, मोडतोड व जाळपोळ झाली आणि त्याच दिवशी सरकारला काम थांबवल्याचे जाहीर करावे लागले. जागा ज्यांच्या जिवाची, त्यांना आधी विश्वासात घ्यावे लागते, हा त्यातला धडा लहानशा वस्तीलाही लागू आहे.

भगवंतांनी वज्जींची भरभराट कशात आहे ते सांगितले होते. ते वारंवार एकत्र जमतात, एकमताने निर्णय घेतात, वडीलधाऱ्यांचे ऐकतात आणि आपल्या चैत्यांचा मान राखतात. विहार समितीने हे चार मुद्दे डोळ्यांपुढे ठेवले तरी पुष्कळ.

काम सुरू होण्याआधी नकाशा वंदनेनंतर सर्वांसमोर मांडा व सोप्या भाषेत समजावून सांगा. महिला मंडळाला शेवटी कळवू नका, आधी विचारा. जुन्या जागेत अखेरची वंदना सर्वांनी मिळून घ्या. मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर टेम्पोत टाकून नेऊ नका. लहानथोरांनी मिळून चालत न्या. दान देणाऱ्यांच्या नावांची जुनी पाटी भंगारात जाऊ देऊ नका. गुडघे दुखणाऱ्यांसाठी चार खुर्च्या, पायरीजवळ धरायला कठडा आणि प्यायचे पाणी एवढे तरी हवेच. आणि हॉलची किल्ली एकाच पदाधिकाऱ्याच्या खिशात राहू नये.

देहूरोडला बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्ती बसवली. तो दिवस तिथे आजही साजरा होतो. आपल्या विहाराचीही अशी एखादी तारीख असेल. म्हाताऱ्यांना विचारून ती नव्या भिंतीवर लिहा आणि मुलांना त्यामागची हकीकत सांगा.

वडीलधाऱ्यांनाही एक विनंती आहे. सर्व काही अनित्य आहे, हे आपण मुलांना शिकवतो. मग पत्रा तरी नित्य कसा असेल? नव्या हॉलमध्ये मुलांना अभ्यासाला दिवा आणि जागा मिळत असेल, तर तुम्ही वाहिलेल्या विटांचे सार्थक झाले असे समजा. येत्या पौर्णिमेला नातवाचा हात धरून या. आणि तरुणांनो, आजी आली नाही तर तिच्या दारी जाऊन तिला घेऊन या.

जयभीम!