दोन जोड्या: चक्रवाक आणि दगडफूल

गोड्या मसाल्यातले दगडफूल आणि नदीकाठचे चक्रवाक बदक यांत साम्य ते काय? साम्य आहे जोडीचे.

चक्रवाकाच्या जोडीची रात्री ताटातूट होते, असा जुना कविसंकेत. प्रत्यक्षात हे केशरी बदक बहुधा जोडीनेच दिसते. लडाख-तिबेटात वीण आटोपून हिवाळ्यात ते आपल्या जलाशयांवर उतरते. हिमालय ओलांडताना ते ६,८०० मीटरपर्यंत उंच जाते, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

दगडफूल मात्र जागचे हलत नाही. ते ना दगड, ना फूल! तो आहे बुरशी आणि शैवाल यांचा संसार. बुरशी निवारा देते, ओलावा धरते. शैवाल उन्हात अन्न तयार करते. स्विस शास्त्रज्ञ श्वेंडेनर यांनी १८६० च्या दशकात हे सांगितले, तेव्हा अनेकांना पटले नव्हते.

तळे आटले, तर बदक दुसरे शोधते. दगडफुलाला ती सोय नाही. हवा दूषित झाली, तरी तीच शोषून घ्यावी लागते. त्यात वाढ वर्षाकाठी जेमतेम काही मिलिमीटर. झाडाची साल पार खरवडली, तर ते पुन्हा धरायला वर्षानुवर्षे लागतात.

मसाल्याला चिमूटभर दगडफूल पुरते. तेवढेच घ्यावे.