बेने इस्राएल कीर्तन : चाल, अर्थ आणि 'कव्वाना'

मराठी कीर्तनपरंपरेचे विवेचन करताना नारदीय, वारकरी, रामदासी व राष्ट्रीय अशी विभागणी करण्याचा प्रघात आहे. ख्रिस्ती कीर्तनाचा निर्देश नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या निमित्ताने होतो. बेने इस्राएल समाजाच्या कीर्तनाचा निर्देश मात्र क्वचितच आढळतो. आणि आढळलाच तर 'यहुदी लोकांनीही मराठीत कीर्तन केले' अशा नवलाईच्या सुरात. हा सूर या वाङ्मयाला न्याय देणारा नाही. रूपबंधाची उसनवारी एवढ्यापुरतेच या कीर्तनाकडे पाहिले, तर त्यातील मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. चाल एका परंपरेची आणि कथा दुसऱ्या परंपरेची असेल, तर गाणाऱ्याच्या व ऐकणाऱ्याच्या चित्ताचा रोख कशाने ठरतो, हा तो प्रश्न होय. यहुदी धर्मविचारात या रोखाला 'कव्वाना' अशी स्वतंत्र संज्ञा आहे. तिच्या आधारे या कीर्तनाचा विचार केल्यास मराठी भक्तिवाङ्मयाच्या अभ्यासातील काही गृहीतेही तपासून घ्यावी लागतात.

१

बेने इस्राएल हा कोकणच्या किनारपट्टीवर, विशेषतः आजच्या रायगड जिल्ह्यात, शतकानुशतके राहिलेला मराठीभाषक यहुदी समाज. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' ही त्यांची जुनी ओळख. केहिमकर, राजपूरकर, दिवेकर, अष्टमकर ही त्यांची आडनावे गावांवरून आलेली आहेत. अठराव्या शतकात हा समाज मुंबईकडे सरकू लागला आणि १७९६ मध्ये तेथे त्यांचे पहिले सिनेगॉग उभे राहिले. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या ग्रंथात जपलेल्या परंपरेनुसार, बाहेरच्या यहुद्यांशी संपर्क येण्यापूर्वी या समाजातून हिब्रूचे ज्ञान जवळजवळ लोपले होते. टिकून होती ती 'शमा' ही ईश्वराच्या एकत्वाची घोषणा. सुंता, विवाह वा अन्य धर्मकृत्य असो, प्रत्येक प्रसंगी तेवढेच म्हटले जाई.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. मिशनऱ्यांच्या शाळांतून हिब्रूचे शिक्षण मिळू लागले आणि बायबलचे मराठी भाषांतर हाती आले. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची 'हग्गादा' १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. पुढे जोसेफ एझिकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनासाहित्य मराठीत आणण्याचे मोठे काम केले. याच वातावरणात, १८८० च्या सुमारास, मुंबईतील काही सुशिक्षित बेने इस्राएल मंडळींनी कीर्तनाचा अवलंब केला. बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांचे नाव या उपक्रमाशी जोडले जाते, आणि त्यासाठी स्थापन झालेल्या मंडळाचे 'कीर्तनोत्तेजक' हे नावच पुरेसे बोलके आहे. अब्राहाम, योसेफ, मोशे यांसारख्या पुरुषांची चरित्रे आख्यानाच्या रूपात आली. साकी, दिंडी, आर्या, ओवी, पदे हा सारा सरंजाम नारदीय कीर्तनाचा. नमन मात्र एकमेव, निराकार परमेश्वराला.

या उपक्रमाचा हेतू शैक्षणिक होता, असे म्हटले जाते, आणि ते खरेही आहे. जी कथा हिब्रूत कळत नव्हती ती समाजाला, घरातील स्त्रिया व मुले यांच्यासह, कळावी म्हणून कीर्तन आले. परंतु 'शैक्षणिक' म्हटले की 'भक्तिपर नव्हे' असा निष्कर्ष सहज काढला जातो. तो यहुदी परंपरेच्या स्वरूपाशी विसंगत आहे.

२

'कव्वाना' या शब्दाच्या मुळाशी रोखणे, नेम धरणे, दिशा देणे हा अर्थ आहे. धर्माज्ञेचे पालन करताना कव्वाना आवश्यक आहे की कृती पुरेशी आहे, हा तालमूदमधील एक प्रसिद्ध वाद. मिश्नाच्या 'बराखोत' या प्रकरणात एक मार्मिक उदाहरण येते. एखादा मनुष्य धर्मग्रंथ वाचत असता, शमा म्हणण्याची वेळ झाली असताना, वाचनाच्या ओघात नेमका तोच भाग त्याच्या मुखातून उच्चारला गेला. तर त्याचे कर्तव्य पार पडले काय? चित्त तिकडे लावले असेल तर पडले, नसेल तर नाही, असा निर्णय तेथे दिला आहे. १२०४ मध्ये निवर्तलेले मैमोनिदीस तर चित्ताच्या रोखावाचून केलेल्या प्रार्थनेला प्रार्थनाच मानीत नाहीत.

गूढवादी परंपरेने ही कल्पना आणखी पुढे नेली. सोळाव्या शतकात गॅलिलीतील साफेद या गावी इत्झाक लुरिया (निधन १५७२) यांच्या शिष्यवर्तुळात प्रत्येक प्रार्थनावचनाला ईश्वरनामे व अक्षरे यांच्या सूक्ष्म चिंतनाची जोड देण्यात आली. ही चिंतने म्हणजे 'कव्वानोत'. अठराव्या शतकात पूर्व युरोपात उदय पावलेल्या हसीद पंथाने या बिकट विद्येची जागा सामान्य माणसालाही साधेल अशा ईश्वरसंलग्नतेला दिली आणि त्यासाठी गायनाला मध्यवर्ती स्थान दिले. हसीदांचा 'निगून' पुष्कळदा शब्दावाचूनच गायिला जातो. तेथे रोख सांभाळण्याचे काम स्वर करतो.

मराठी वाचकाला या ठिकाणी 'भाव' हा शब्द सुचणे स्वाभाविक आहे. पण कव्वाना म्हणजे भाव, असे समीकरण मांडण्यापूर्वी थांबले पाहिजे. भागवतातील अजामिळाची कथा कीर्तनकारांची आवडती. मरणसमयी त्याने हाक मारली ती नारायण नावाच्या मुलाला. तरी नामोच्चाराने तो तरला. नामाचे सामर्थ्य उच्चारणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून नाही, हा त्या कथेचा गाभा. मिश्नातील वाचक आणि भागवतातील अजामिळ यांची परिस्थिती जवळजवळ सारखी आहे. दोघांच्याही मुखातून पवित्र शब्द दुसऱ्याच ओघात बाहेर पडला. एका परंपरेने म्हटले, रोख नव्हता म्हणून कर्तव्य झाले नाही. दुसरीने म्हटले, रोख नसतानाही कृपा झाली. अर्थात वारकरी संतांनी भावशून्य पाठांतरावर कठोर टीका केली आहे, हे विसरता येत नाही. तरीही नामाच्या स्वयंसिद्ध सामर्थ्याची श्रद्धा आणि रोखाची अट या दोन निराळ्या भूमिका आहेत. तौलनिक अभ्यासात 'सर्व धर्मांत भक्ती एकच' या सोयीच्या वाक्याने त्या झाकल्या जातात, आणि तुलना सुरू होण्याआधीच संपते.

३

बेने इस्राएलांच्या इतिहासाकडे या भेदातून पाहता एक गोष्ट स्पष्ट होते. कव्वानेत दोन थर आहेत : एक उद्देशाचा, दुसरा अर्थबोधाचा. आपण कोणासमोर उभे आहोत आणि कोणते कर्तव्य पार पाडीत आहोत, हे जाणणे हा उद्देश. उच्चारलेल्या शब्दांचा आशय समजणे हा अर्थबोध. हिब्रू लोपल्यानंतरही शमा जपणाऱ्या कोकणातील त्या कुटुंबांजवळ पहिला थर निःसंशय होता. दुसरा क्षीण झाला होता. कीर्तनाने दिला तो हा दुसरा थर. याला परंपरेतच आधार आहे. शमा आणि प्रार्थना कोणत्याही भाषेत म्हणता येते, असे मिश्नाच्या 'सोता' या प्रकरणात सांगितले आहे; कारण ऐकणाऱ्याला आणि म्हणणाऱ्याला समजणे हा उपासनेचाच भाग आहे. म्हणून बेने इस्राएल कीर्तनातील शिक्षण हे भक्तीच्या बाहेरचे नव्हे. ज्या समाजाजवळ रोख होता पण शब्द मुका झाला होता, त्याला मराठीने शब्द परत दिला. मराठी भाषेच्या इतिहासात ही साधी घटना नाही.

४

आता चालीचा प्रश्न. विठ्ठलाच्या वा रामाच्या आख्यानासाठी रुळलेली चाल मोशेच्या चरित्राला लावली असता तिच्याबरोबर जुने संस्कारही येणार, आणि त्यामुळे यहुदी आशय डागाळणार किंवा पातळ होणार, असा आक्षेप घेता येईल. हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. चालीला स्मृती असते, हे कोणताही कीर्तनकार सांगेल.

हसीद परंपरेने या प्रश्नाचे एक विलक्षण उत्तर दिले आहे. लुरियांच्या सृष्टिविचारानुसार आदिप्रकाशाची पात्रे भंगली आणि त्यातील ठिणग्या जगभर विखुरल्या. त्या वर उचलणे हे मनुष्याचे कार्य. हसीदांनी हा विचार चालींनाही लावला. मेंढपाळाच्या गाण्यात वा सैन्याच्या कूचगीतातही अशी ठिणगी असू शकते, आणि योग्य रोखाने गायिल्यास ती मुक्त होते. हंगेरीतील कालिवचे रब्बी इत्झाक आयझिक तौब (१७५१–१८२१) यांनी एका मेंढपाळाकडून त्याचे गाणे विकत घेतले, अशी कथा त्या परंपरेत प्रेमाने सांगितली जाते.

बेने इस्राएल कीर्तनकारांना हा विचार ठाऊक होता, असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. १८८७ मध्ये पुण्यात अब्राहाम दावीद एझिकिएल यांनी 'जोहर' या गूढग्रंथातील 'इद्रा झुता' या भागाचे भाषांतर छापले खरे. परंतु ते थिऑसफीच्या प्रभावातून झालेले आणि ज्यू-अरबी भाषेतील होते. मराठी कीर्तनाच्या श्रोत्याची ती भाषा नव्हे. तेव्हा साम्य आहे ते प्रभावाचे नव्हे, परिस्थितीचे. शेजाऱ्यांच्या भाषेत आणि स्वरात राहणाऱ्या दोन यहुदी समाजांपुढे एकच प्रश्न उभा राहिला. पोलंड-हंगेरीतील समाजाने त्याचे तत्त्वज्ञान मांडले. कोकण-मुंबईतील समाजाने तत्त्वज्ञान न मांडता कृती केली. चालीचे कूळ नव्हे, तर गाणाऱ्याचा रोख निर्णायक, ही भूमिका दोन्हीकडे दिसते. 'अनुकरण' हा शब्द म्हणूनच येथे अपुरा पडतो.

५

हा विषय वणीसारख्या गावी बसून विचार करणाऱ्या अध्यापकाला वा विद्यार्थ्याला दूरचा वाटण्याचा संभव आहे. येथे बेने इस्राएलांची कोकणासारखी वसती नाही. पण कान आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे (१९०९–१९६८) खंजिरी भजन आणि गुरुकुंजातून गावोगाव पोचलेली सामुदायिक प्रार्थना या भागातील मुलांच्या कानांवर लहानपणापासून पडते. अनेक धर्मांच्या माणसांनी एकत्र बसून एका रोखाने प्रार्थना करावी, हा तिचा आग्रह. गाडगे बाबांनी (१८७६–१९५६) तर पूर्वरंग-उत्तररंगाची चौकट सोडून श्रोत्यांना प्रश्न विचारीत कीर्तन केले आणि कीर्तनाआधी गाव झाडला. गाण्याचा रोख कृतीत उतरला पाहिजे, ही जाणीव वऱ्हाडाला नवी नाही. वणीचे लोकमान्य टिळक महाविद्यालय प्राचार्य राम शेवाळकरांच्या (१९३१–२००९) कारकिर्दीमुळे सर्वत्र परिचित आहे. संतवाङ्मयाचा बोललेला, ऐकलेला शब्द हा येथे विद्वत्तेचाच भाग मानला गेला.

या कानांची आज गरज आहे. एकोणिसाव्या शतकातील छापील पद्यवाङ्मयात स्वरलेखन नसे. पदाच्या माथ्यावर परिचित गाण्याचे नाव देऊन चाल सुचवली जाई. ती चाल विसरली गेली की संहिता मुकी होते. १९४८ नंतर बेने इस्राएल समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. तेथे त्यांनी 'मायबोली'सारखे मराठी नियतकालिक चालवले, आणि मराठी गीते जपण्याचे काम प्रामुख्याने स्त्रियांनी केले. पण पुढच्या पिढ्यांची भाषा हिब्रू झाली. इकडे साकी-दिंडीच्या जुन्या चाली गळ्यावर असलेले कीर्तनकार वृद्ध होत आहेत. एका समाजाजवळ संहिता आहेत, दुसऱ्याजवळ त्यांच्या चाली. या दोहोंची गाठ घालून देण्याचे काम मराठीच्या विभागांखेरीज कोण करणार?

त्यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. पदव्युत्तर प्रबंधिकेसाठी एखादे बेने इस्राएल आख्यान घ्यावे. त्यावरील चालींची नावे टिपावीत. परिसरातील जुन्या कीर्तनकारांकडून त्या गाऊन घेऊन ध्वनिमुद्रित कराव्यात. कीर्तनपरंपरेच्या अध्यापनात या शाखेला तळटीपेतून वर आणून स्वतंत्र प्रकरणाचे स्थान द्यावे. अमरावती विद्यापीठाला एका कीर्तनकाराचेच नाव आहे. तेथून हे काम सुरू होणे उचित ठरेल. मात्र ते करताना 'कव्वाना'चे भाषांतर घाईने 'भाव' असे करू नये. जो शब्द आपल्याजवळ नाही तो तसाच ठेवून त्याचा अर्थ शिकणे, हेही दुसऱ्याच्या प्रार्थनेकडे रोख ठेवून पाहणेच होय.